आवाज न वाढवता

इलेक्ट्रिक गिटारचा निम्मा आवाज गिटारमध्ये असतो आणि निम्मा अॅम्प्लिफायरमध्ये. तारेखालच्या पिकअपमधून बाहेर पडतो तो व्होल्टाच्या काही दशांशांचा किरकोळ सिग्नल. त्याला धार येते, वजन येते, सूर लांबतो, कडेने थोडी खरखर चढते, ती सगळी अॅम्पची करणी. म्हणून जाणता गिटारवाला गिटार घेताना जेवढा विचार करतो तेवढाच अॅम्प घेताना करतो. पण या अॅम्पचा पहिल्यापासून एक हट्ट आहे. तो चांगला वाजेल, पण मोठ्यानेच वाजेल. पन्नास वॅटचा व्हॉल्व्ह अॅम्प निम्म्यापर्यंत उघडला की कुठे त्याचा खरा रंग दिसू लागतो, आणि तोवर शेजारच्या घरातली मांडणी वाजायला लागलेली असते.

डिजिटल अॅम्प मॉडेलर म्हणजे असा अॅम्प, त्याचा स्पीकर आणि त्या स्पीकरपुढे लावलेला माइक या तिघांचे वागणे गणिताने उभे करणारे साधन. ते पायाशी ठेवायची पेटी असेल, लॅपटॉपवरचे सॉफ्टवेअर असेल, नाहीतर मोबाइलवरचे अॅप असेल. गिटारची वायर एका बाजूने आत जाते आणि दुसऱ्या बाजूने स्टुडिओत माइक लावून टिपल्यासारखा आवाज बाहेर येतो. खोलीत मात्र तारांच्या बारीक टणटणीपलीकडे काही ऐकू येत नाही. या साधनाच्या आधाराने घरच्या घरी गिटार कशी रेकॉर्ड करायची, हा या पुस्तकाचा विषय. मॉडेलर म्हणजे ‘खरा अॅम्प परवडत नाही म्हणून घेतलेला पर्याय’ ही समजूत जुनी आहे आणि ती सोडायला हवी, एवढेच मला या पानांत म्हणायचे आहे. त्याने मुख्य काम केले ते पैसे वाचवण्याचे नव्हे. टोन आणि आवाजाची पातळी यांची पन्नास वर्षांची गाठ त्याने सोडवली. ती सुटल्याचा फायदा लंडन-मुंबईच्या स्टुडिओंपेक्षा आमच्यासारख्या गावातल्या घराला जास्त झाला.

हे पुस्तक लोणी देवकरला लिहिले गेले. पुण्याहून सोलापूरकडे निघाल्यावर भिगवण मागे पडते आणि इंदापूर यायचे असते, तेव्हा हे गाव लागते. एका अंगाला उजनीचा फुगवटा, दुसऱ्या अंगाला ऊस, शेजारी एमआयडीसी आणि मधून महामार्ग. अशा गावात माइक उघडा ठेवला की काय काय आत येते ते सांगायला नको. महामार्गावरचे ट्रक, गाळपाच्या हंगामात मोठ्याने गाणी लावून जाणारे उसाचे ट्रॅक्टर, पहाटे देवळावरचा भोंगा, सप्त्याचा हरिपाठ, रात्री कुत्री आणि पावसाळ्यात पत्रा. यात तक्रारीचे काही नाही; गाव म्हटले की हे आलेच. पण शहरातला स्टुडिओ ज्या जाड भिंतींवर आणि दुहेरी दारांवर पैसे घालतो, ते इथे कोण घालणार?

मॉडेलरचा गावातला पहिला उपयोग इथे कळतो. तो शेजाऱ्याला ऐकू जात नाही, हे सगळेच सांगतात. शेजारी त्याला ऐकू येत नाही, हे कोणी सांगत नाही. गिटारपासून लॅपटॉपपर्यंतच्या वाटेत माइकच नसतो, त्यामुळे दारातून ट्रॅक्टर गेला तरी ट्रॅकवर त्याचा मागमूस उमटत नाही. बाहेर जाणाऱ्या आवाजाचा हिशोब कायद्यानेही घालून दिला आहे. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. कामधंदा, शेत, जनावरे आटोपून माणूस गिटार हातात घेतो ती वेळ नेमकी हीच.

गिटार हे शहरी वाद्य, गावात त्याचे काय, असे कोणी विचारील. त्याला उत्तर वरातीत मिळते. जपानमध्ये नागोया इथे १९१२ साली तयार झालेले ताइशोगोतो हे कळांचे तंतुवाद्य भारतात येऊन बुलबुल तरंग झाले, त्याला पिकअप बसला आणि महाराष्ट्राच्या गल्लीबोळांत ते बेंजो म्हणून गाजले. रवी जाधव यांनी २०१६ साली त्यावर ‘बँजो’ नावाचा हिंदी चित्रपटच केला. गणपतीत, लग्नात, हळदीत टेम्पोवर जनरेटर, त्यावर अॅम्प्लिफायर आणि कर्णे, आणि त्यातून फाटून बाहेर येणारी ती तार: ही इलेक्ट्रिक तंतुवाद्याची, ओढाताण झालेल्या अॅम्पची आणि आपल्या स्पीकरची परंपराच आहे. आमच्या भागातल्या पोरांच्या कानाला डिस्टॉर्शन नवे नाही. त्यांना त्याचे इंग्रजी नाव नंतर कळले, एवढेच.

तो फाटलेला आवाज गोड का लागतो, हे समजून घेतल्याशिवाय मॉडेलर समजत नाही. व्हॉल्व्हला त्याच्या कुवतीपेक्षा जास्त सिग्नल दिला की लाटेचे शेंडे दबतात. शेंडे दबले की मूळ सुराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वर तयार होतात. गिटारची सर्वांत जाड तार साधारण ८२ हर्ट्झला बोलते. दबलेल्या लाटेत १६४, २४६, ३२८ असे तिचे सगळे गोत हजर होते. तंबोऱ्याच्या घोडीवर जवारीचा दोरा लावतो तेव्हा आपण दुसऱ्या वाटेने हेच मागत असतो: एकाच तारेतून भरगच्च उपस्वर. चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणेच्या घोडीवर जो निबंध लिहिला तो या नवलावरच. तेव्हा उपस्वरांची आवड आपल्याकडे परकी नाही. व्हॉल्व्ह मात्र हे सरळ हिशोबाने करत नाही. हलके छेडले तर स्वच्छ, जोरात मारले तर खरखरीत, आणि तार सुटल्यानंतर हळूहळू पुन्हा स्वच्छ. वीजपुरवठा क्षणभर खाली बसतो, मग सावरतो, आणि बोटाला ते जाणवते. मॉडेलर करणाऱ्यांची खरी झटापट या बारकाव्यांशी झाली.

या झटापटीचा इतिहास थोडक्यात सांगतो. इलेक्ट्रिक गिटार १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला आली. तेव्हा अॅम्पचे काम होते फक्त आवाज मोठा करणे, आणि खरखर हा दोष होता. कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी १९४० आणि ५०च्या दशकांत जे अॅम्प केले ते स्वच्छ वाजावेत म्हणून. वाजवणाऱ्यांनी ते पार उघडले आणि त्यातली खरखर त्यांना आवडली. लंडनमध्ये वाद्यांचे दुकान चालवणाऱ्या जिम मार्शल यांनी १९६२ साली फेंडरच्या बासमन अॅम्पचा आराखडा समोर ठेवून आपला अॅम्प केला. हाती आलेले सुटे भाग वेगळे, म्हणून आवाजही वेगळा झाला. तिसरे घराणे व्हॉक्सच्या एसी-३०चे. आजही कुठल्याही मॉडेलरची यादी उघडा, नावे बदललेली असतील, पण निम्म्याहून जास्त अॅम्प या तिघांचे किंवा त्यांच्या वंशजांचे. अमेरिकी अॅम्प म्हणजे खोल आणि चकचकीत, ब्रिटिश म्हणजे मधल्या पट्टीत गुरगुरणारा, ही ढोबळ वाटणी नवख्याने लक्षात ठेवली तरी यादीत हरवायला होत नाही.

आवाज दाबण्याचे प्रयत्न लवकरच सुरू झाले. अमेरिकेतल्या बोस्टन बँडचे टॉम शोल्झ हे एमआयटीत शिकलेले इंजिनिअर. बँडचा १९७६चा पहिला अल्बम त्यांनी बराचसा घराच्या तळघरात रेकॉर्ड केला आणि १९८२ साली हेडफोनवर वाजणारी ‘रॉकमन’ ही हातात मावणारी पेटी बाजारात आणली. १९८९ साली आलेल्या ‘सॅन्सअॅम्प’ने अॅम्प आणि स्पीकर दोन्हींचा भास ट्रान्झिस्टरच्या सर्किटमधून दिला. ही दोन्ही साधने अॅनालॉग. संगणकी गणित शिरले ते १९९५च्या रोलँड व्हीजी-८मध्ये. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीने ‘पॉड’ काढला. लाल रंगाच्या त्या बाकदार पेटीत बरेच अॅम्प भरले होते आणि ती टेबलावर ठेवून हेडफोनवर वाजवता येत होती. घरी रेकॉर्ड करणाऱ्यांच्या हाती मॉडेलिंग खऱ्या अर्थाने आले ते तेव्हा. २००२ साली ‘अँप्लिट्यूब’, २००४ साली ‘गिटार रिग’ आले आणि पेटीही लागेना, सगळे लॅपटॉपमध्ये गेले. २००६च्या ‘अॅक्स-एफएक्स’ने मोठ्या वादकांना पटवले, २०१५च्या ‘हीलिक्स’ने रंगमंच आणि घर एका पेटीत आणले.

आज या क्षेत्रात तीन घराणी नांदतात, आणि वाचकाने सुरुवातीलाच त्यांच्यातला फरक ओळखावा. पहिले घराणे सर्किटवाल्यांचे. ते अॅम्प उघडतात, प्रत्येक रेझिस्टर, कपॅसिटर, ट्रान्सफॉर्मर, व्हॉल्व्ह मोजतात आणि त्यांची समीकरणे सेकंदाला हजारो वेळा सोडवतात. दुसरे घराणे नक्कलवाल्यांचे. २०११च्या सुमारास जर्मनीच्या ख्रिस्तोफ केम्पर यांनी दाखवलेली वाट: अॅम्प उघडायचाच नाही, त्यात ठरावीक आवाज सोडायचे, काय बाहेर येते ते ऐकायचे आणि त्यावरून त्याचे वागणे बांधायचे. तिसरे घराणे न्यूरल नेटवर्कवाल्यांचे, म्हणजे दुसऱ्याचाच पुढचा अवतार. फिनलंडच्या आल्टो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१९च्या सुमारास व्हॉल्व्ह अॅम्पची नक्कल न्यूरल नेटवर्कने, वाजवता वाजवता, करता येते हे दाखवले. हेलसिंकीच्या न्यूरल डीएसपी कंपनीने त्या जातीचे तंत्र ‘क्वाड कॉर्टेक्स’ या पेटीत घातले. स्टीव्हन अॅटकिन्सन यांनी ‘न्यूरल अॅम्प मॉडेलर’ हे मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर जगापुढे फुकट ठेवले, आणि कोणीही आपल्या अॅम्पची नक्कल काढून दुसऱ्याला पाठवू लागला.

सर्किटवाले तुम्हाला कृती देतात, नक्कलवाले ताटात वाढलेला पदार्थ देतात. पहिल्यात बास कमी केला, गेन वाढवला तर मूळ अॅम्पमध्ये जे झाले असते तेच होते. दुसऱ्यात त्या दिवशी, त्या अॅम्पवर, बटणे जिथे होती तिथला आवाज हुबेहूब मिळतो. पण बटण फिरवले की आपण मूळ अॅम्पपासून दूर जातो, कारण ते बटण मूळ अॅम्पचे नसते. कोणते चांगले, हा वाद चालू राहील. घरी रेकॉर्ड करणाऱ्याचा निकष सोपा आहे. आवाज घडवत बसायचे तर पहिले घराणे, आवाज ठरलेला आहे आणि गाणे उरकायचे आहे तर बाकीची दोन.

तिन्ही घराण्यांत एक गोष्ट समान आहे आणि नवखे नेमके तिकडे दुर्लक्ष करतात: कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी. गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसा बोलत नाही. तो मध्ये नसेल तर उत्तम अॅम्पचे मॉडेलही डासांच्या थव्यासारखे कानाला चावते. हा स्पीकर, त्यापुढचा माइक आणि त्यांच्यातले अंतर एका छोट्या फाइलीत पकडतात. तिला इम्पल्स रिस्पॉन्स, बोलताना आयआर म्हणतात. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या दराने २,०४८ नमुन्यांची फाइल म्हणजे जेमतेम ४३ मिलिसेकंद. एवढ्याशा फाइलीने आवाज जितका बदलतो तितका अॅम्प बदलूनही बदलत नाही. जगभरातल्या आयआरमध्ये एक जोडी पुन्हा पुन्हा भेटते: सेलेस्टियनचा व्हिंटेज थर्टी स्पीकर आणि शुअरचा १९६५पासून चालत आलेला एसएम-५७ माइक.

मॉडेलिंगच्या बरोबरीने घरच्या रेकॉर्डिंगचाही एक इतिहास चालत आला. टॅस्कमने १९७९ साली पोर्टास्टुडिओ काढला आणि साध्या कॅसेटवर चार ट्रॅक मावू लागले. ब्रूस स्प्रिंगस्टीन यांचा १९८२चा ‘नेब्रास्का’ त्यावर घरीच रेकॉर्ड झाला. आपल्याकडे ध्वनिमुद्रण म्हणजे मुंबई. ताडदेवचे फेमस, वांद्र्याचे मेहबूब अशा स्टुडिओंत अख्खा वाद्यवृंद एकदम वाजत असे आणि गिटारवाला त्यातला एक खुर्चीवाला. १९८०च्या दशकात कॅसेट आली तेव्हा भीमगीते, भक्तिगीते, लोकगीते जिल्ह्याजिल्ह्यातून निघू लागली. गायक गावाकडचा, पण स्टुडिओ शहरातलाच राहिला. २०१६चा ‘सैराट’ घ्या. कथेचा मुलूख उजनीच्या पलीकडच्या काठावरचा करमाळा, आणि अजय-अतुल यांनी त्यासाठी सिम्फनी वाद्यवृंद रेकॉर्ड केला लॉस एंजेलिसला. ते काम त्या तोलाचेच होते. पण याच पाण्याच्या अलीकडच्या काठावर आज एखाद्याला आपले गाणे करायचे असेल तर त्याला पुण्याचीही एसटी धरावी लागत नाही, ही त्यानंतरची गोष्ट आहे.

यंत्राने वाद्याची जागा घेतली म्हणून नाक मुरडणाऱ्यांना आपल्याच घरातले उदाहरण देतो. बेंगळुरूचे जी. राज नारायण यांनी १९७०च्या दशकाच्या अखेरीस इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला. सुरुवातीला बुजुर्गांनी तो कितपत मानला असेल ते असो; आज महाराष्ट्रात गाणे शिकणाऱ्या पोराचा रियाज त्यावर नाहीतर मोबाइलमधल्या तंबोऱ्यावर होतो. मैफलीत मिरजेचा तंबोरा अजून लागतो आणि लागला पाहिजे. मॉडेलर आणि व्हॉल्व्ह अॅम्प यांचेही तसेच होत आले आहे.

आता प्रत्यक्ष खोलीत येऊ. दहा बाय बाराची खोली, वर पत्रा, भिंतीला ट्यूबलाइट, टेबलावर लॅपटॉप. गिटारची वायर इंटरफेसच्या, म्हणजे गिटारचा सिग्नल लॅपटॉपला पोचवणाऱ्या छोट्या पेटीच्या, ‘इन्स्ट्रुमेंट’ इनपुटला जाते. माइकच्या किंवा लाइनच्या इनपुटला नाही. पिकअपला समोर साधारण दहा लाख ओहमचा अडथळा हवा असतो, तो कमी मिळाला की तारेची चमक जाते आणि मग माणूस अॅम्पच्या मॉडेलमध्ये ट्रेबल शोधत बसतो. पातळी अशी लावायची की जोरात मारलेला कॉर्डही शून्याच्या १२ डेसिबल खाली राहील. अॅम्पची खरखर हवी तेवढी वाढवता येते, पण इनपुटलाच फाटलेला सिग्नल पुन्हा शिवता येत नाही.

मग घोंगाट ऐकू येतो. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, आणि सिंगल कॉइल पिकअप त्या कंपनांना अँटेनासारखा धरतो. गिटार घेऊन खुर्चीवर हळूहळू फिरा: एका दिशेला घोंगाट वाढतो, साधारण काटकोनात दुसऱ्या दिशेला जवळजवळ नाहीसा होतो. तिथेच बसून वाजवा. ट्यूब बंद करा, मोबाइलचा चार्जर काढा. अर्थिंग नावाला असेल तर लॅपटॉपचाही चार्जर काढून बॅटरीवर काम करा. इंटरफेस यूएसबीवरच चालत असेल तर विजेच्या लाइनशी तुमचा संबंधच तुटला. शेतीच्या मोटारींना थ्री फेज आली की त्याच डीपीवरचे दिवे क्षणभर मंदावतात आणि स्टार्टरचा ‘टक्’ ट्रॅकवर येऊन बसतो. बॅटरीवर तोही सहसा येत नाही. स्वस्त इन्व्हर्टरची चौकोनी लाट तर सरळ विजेपेक्षा जास्त घोंगावते. इंग्रजी पुस्तकांत या गोष्टी सहसा सापडत नाहीत, कारण ती लिहिणाऱ्यांच्या भिंतीत अर्थिंग असते.

पुढचा प्रश्न उशिराचा, ज्याला लेटन्सी म्हणतात. तार छेडली आणि आवाज कानी आला यांत मॉडेलरला थोडा वेळ लागतो. बफर, म्हणजे एका खेपेला हाताळायच्या नमुन्यांचा गठ्ठा, १२८ नमुन्यांचा ठेवला तर ४८,०००च्या दराने तो वेळ २.७ मिलिसेकंद, आत-बाहेरचा इतर उशीर धरून एकूण साताठ-दहापर्यंत जातो. ध्वनी हवेतून एक मीटर जायला जवळपास तीन मिलिसेकंद घेतो. म्हणजे अॅम्पपासून तीन मीटरवर उभा राहणारा गिटारवाला एवढ्याच उशिराने ऐकत आला आहे आणि कोणाची लय बिघडली नाही. बफर १,०२४चा ठेवून वाजवाल तर मात्र बोटे आणि कान यांची फारकत होईल.

शेवटची आणि सर्वांत कामाची गोष्ट: कोरडा, म्हणजे मॉडेलरमधून न गेलेला, सिग्नल वेगळ्या ट्रॅकवर जपून ठेवा. मॉडेलरमधून गेलेला आवाज आज आवडेल, आठवड्याने आवडणार नाही. कोरडा ट्रॅक असेल तर वाजवणे तसेच ठेवून अॅम्प बदलता येतो. व्हॉल्व्हच्या जमान्यात यासाठी स्टुडिओत पुन्हा अॅम्प मांडून माइक लावावे लागत. आता एका यादीतले नाव बदलायचे.

हे सगळे आत्ताच लिहिण्याचे कारण काय? पूर्वी अडचण साधनांची होती. चांगला अॅम्प, चांगला माइक, चांगली खोली यांपैकी काहीच हाताशी नव्हते. आज मुक्त सॉफ्टवेअर फुकट आहे, अॅम्पच्या नकला फुकट आहेत, साधा लॅपटॉप आणि दोन चॅनलचा इंटरफेस पुरतो. अडचण आता दुसरीकडे सरकली आहे. शेकडो अॅम्प आणि हजारो आयआर समोर आले की माणूस वाजवायचे सोडून चाळत बसतो. रात्र संपते, टोन सापडत नाही, गाणे होत नाही. शिवाय सगळ्या जगाने त्याच चारदोन अॅम्पच्या, त्याच स्पीकरच्या आणि त्याच माइकच्या नकला वापरल्या, की सोलापूरचे, साओ पावलोचे आणि स्टॉकहोमचे गाणे एकाच कारखान्यातून आल्यासारखे वाटते. साधन घरी आले आणि आवाज परका झाला, तर मिळवले काय?

मर्यादाही स्पष्ट सांगायला हव्यात. अॅम्पसमोर उभे राहिल्यावर पोटावर येणारा हवेचा धक्का हेडफोन देत नाही. स्पीकरचा आवाज तारेला पुन्हा हलवतो आणि सूर सुटता सुटत नाही, तो फीडबॅक मॉडेलर एकट्याने देऊ शकत नाही. त्याला खोलीत हवा हलावी लागते. आणि हाताचा दोष कोणतेही मॉडेल झाकत नाही. जास्त गेनमध्ये चुका लपतात असे वाटते, पण दुहेरी ट्रॅक केला, डावीकडे एकदा आणि उजवीकडे दुसऱ्यांदा वाजवले, की लय किती सैल आहे ते उघडे पडते. इथे एकच ट्रॅक कॉपी करून दोन्हीकडे ठेवायचा मोह होतो. त्याने रुंदी मिळत नाही, फक्त मधला आवाज थोडा मोठा होतो. दोनदा वाजवायलाच हवे.

या पुस्तकाचा बेत या सगळ्यावरून ठरला. हे कोणत्याही कंपनीच्या पेटीचे माहितीपत्रक नाही. पेट्या दोन वर्षांत बदलतात, पण पिकअप, व्हॉल्व्ह, स्पीकर आणि कान यांचे नाते बदलत नाही, म्हणून भर तिथे आहे. गिटार कशी वाजवावी हेही इथे नाही. वायरीपासून तयार गाण्यापर्यंतची वाट आहे, आणि ती आपल्या घरांना, आपल्या विजेला, आपल्या रात्रींना धरून आखली आहे. शब्द गिटारवाले बोलतात तेच ठेवले आहेत. गेन, बफर, कॅब यांना ओढूनताणून मराठी प्रतिशब्द दिले असते तर दुकानात आणि सॉफ्टवेअरमध्ये वाचकाचीच पंचाईत झाली असती.

एक प्रयत्न मात्र थोडा वेगळा आहे. आयआर काढायची रीत सविस्तर दिली आहे आणि त्यासाठी उदाहरण घेतले आहे बेंजोच्या टेम्पोवर बांधतात त्या कर्ण्याचे. कर्ण्याला खालचे सूर नाहीत, वरचे टोकदार. मधल्या पट्टीत तो ओरडतो. जगातल्या कुठल्याही प्रिसेटमध्ये तो आवाज मिळणार नाही, आणि आमच्याकडे तो प्रत्येक वरातीत ऐकू येतो. शांत गिटारला तो शोभणार नाही, पण एखाद्या लीडच्या ओळीला असा चपखल बसतो की दुसरा काही सुचू नये. मॉडेलरने जगाचे अॅम्प आपल्या घरी आणले हे खरे. आपल्या गल्लीतला आवाज त्याच्यात भरायचे काम आपले आहे, ते दुसरे कोणी करणार नाही.

वाचकाला एकच विनंती. पहिली तीन प्रकरणे झाली की पुस्तक मिटा. एक अॅम्प, एक कॅब आणि एक माइक निवडा, आणि गाणे संपेपर्यंत त्यातले काहीही बदलू नका. ते गाणे कच्चे असेल, असू द्या. पुरे करून चार माणसांना ऐकवा. मग उरलेले पुस्तक वाचा. तोवर त्याचा फारसा उपयोग नाही.